उसनी तार

आमचे शेठ आणि त्यांचे शेठ एकेकाळी एकाच ताटात जेवायचे. भोरमध्ये घरोघरी टीव्हीची केबल टाकायचा धंदा दोघांनी मिळून काढला. मग कशावरून तरी बिनसलं आणि इंटरनेटचे दिवस आले तेव्हा एकाची झाली झेपनेट, दुसऱ्याची मावळवाणी. भोर-वेल्ह्यातली गावं त्यांनी म्हशी वाटून घ्याव्यात तशी वाटून घेतली. गुंजवणे त्यांचं, हिर्डोशी आमचं. त्यांच्या गावात आम्ही कनेक्शन द्यायचं नाही, आमच्या गावात त्यांनी. गावांना कुणी विचारलं नाही.

मी शिवानी. वरवे बुद्रुकहून रोज एसटीने भोरला येते आणि झेपनेटच्या ऑफिसात गिऱ्हाइकांच्या तक्रारी घेते. 'राऊटर बंद करून परत चालू करा' हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणते, असं आई सांगते. एसटी स्टँडच्या पलीकडच्या अंगाला मावळवाणीचं ऑफिस आहे. तिथे माझ्यासारखाच काचेमागे बसून शिव्या खातो तो नागसेन. दिवसभर आम्ही एकमेकांना दिसतो, पण बोलायला बंदी आहे.

ही बंदी काही पहिल्यापासून नव्हती. म्हणजे होती, पण तिला कुणी विचारत नव्हतं. कारण डोंगरातली केबल म्हणजे रोजचं दुखणं. झाड पडतं, माकडं लोंबकळतात, रस्त्याचं काम करणारा जेसीबी दात लावतो. खांब मात्र एकच, आणि त्यावरून दोघांच्याही केबल जातात. प्रत्येक केबलच्या पोटात केसासारख्या बारीक काचेच्या तारा असतात, प्रत्येकीचा रंग वेगळा, आणि त्यातल्या काही रिकाम्याच पडून असतात. आमची केबल तुटली की आमची पोरं त्यांच्यातली एक रिकामी तार वापरायची, त्यांची तुटली की ते आमच्यातली. काम झालं की सोडून द्यायची. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं. पोरं म्हणायचीही तसंच, 'उसनी घेतली'. गेल्या पावसाळ्यात गुंजवण्याची अख्खी लाईन आमच्या उसन्या तारेवर चालली होती आणि त्यांचे शेठ आपली माणसं किती हुशार म्हणून मिशीत हसत होते.

हे सगळं ठरायचं मोबाईलवरच्या एका ग्रुपवर. शेठ लोकांना संशय नको म्हणून ग्रुपचं नाव ठेवलं होतं 'भोर-वेल्हे क्रिकेट'. तिथे क्रिकेट सोडून सगळं बोललं जायचं. झालं असं, की त्यांच्या शेठना क्रिकेटचं भारी वेड. एक दिवस त्यांनी भिमाच्या मोबाईलवर ते नाव पाहिलं, आणि 'मला का घेतलं नाही रे?' असं म्हणत लाडात येऊन मोबाईल हातातून काढून घेतला. भिमा म्हणजे त्यांचा खांबावर चढणारा माणूस. आत काय आहे ते शेठनी वाचलं आणि पुढचं सगळं झालं.

किती वर्षांनी दोघे शेठ समोरासमोर बसले. चहा झाला म्हणे. भांडणानंतर दोघांनी मिळून केलेलं ते एवढं एकच काम, आम्हाला तोडायचं. ग्रुप बंद. एकमेकांचे नंबर मोबाईलमधून काढून टाकले, तेही शेठनी समोर बसवून. कंपनीच्या मोबाईलमध्ये, माणूस कुठे जातो ते दाखवणारं ॲप आलं. दुसऱ्याशी बोलताना कुणी दिसला तर दुसऱ्या दिवशी घरी बसायचं. मला राग आला तो याचा, की एवढी एकी यांना करता येत होती तर.

ऑगस्टमधली गोष्ट. सकाळी ऑफिसात येऊन ओली छत्री कोपऱ्यात ठेवते तोच फोन वाजला.

"हिर्डोशीतनं सोनबा बोलतोय. नेट न्हाई."

"राऊटरवरचा दिवा लाल आहे का हिरवा?" मी सवयीने विचारलं.

"लालच हाय. पर बाई, आज लई गरज हाय वो." मग त्याने सांगितलं. "आमच्या साळूवैनीची लेक वारली पहाटं. मंगल. तिकडं वापीला, नवऱ्याच्या कंपनीच्या गावाला. डेंगू झाल्याला."

साळूबाईंचं कनेक्शन मला चांगलं आठवत होतं. त्या घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणालाच खिळल्या. तेव्हा दिवाळीला आलेल्या मंगलनेच ते बसवून घेतलं होतं. हिर्डोशीत मोबाईलला रेंज नाही. लेकीने आईचं आणि आईने लेकीचं तोंड रोज बघायचं तर दुसरा इलाज नव्हता. रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला मंगलचा फोन यायचा. दिवा लाल झाला की सोनबा टेकाडावर चढून मला फोन करायचा, म्हणून मला ही वेळसुद्धा ठाऊक होती.

"जावई बिचारा चांगलाय," सोनबा सांगत होता. "म्हनला, माहेरच्यांनी बगितल्याबिगर न्हाई उचलायची. आईला मोबाईलवर त्वांड दावतो, मगच न्हेऊ. पर चारच्या पुढं ठेवता यायचं न्हाई म्हनून डाक्टरनी सांगितलंय. आन् हितं तर आमचा रस्ताच बंद, दरड आलीया."

"फोटो पाठवायला सांगा ना त्यांना."

"फोटू घिऊन काय करू, बाई? वैनीला बोलायचंय लेकीसंगं."

 टेकाडावर आवाजापुरतीच रेंज होती, चेहरा दिसण्याइतकी नव्हती. आणि साळूबाईंना अंथरुणावरून उचललं तरी त्या किंचाळायच्या. त्यांना चिखलातून वर आणायचा प्रश्नच नव्हता.

मग फोन कुमारने घेतला. कुमार आमचा लाईनवरचा माणूस. आदल्या दिवशी तिकडे गेला आणि दरडीमुळे तिकडेच अडकला होता. बरंच झालं, म्हटलं.

"शिवानीताई, आपली केबल निगुडघरच्या वर तुटलीया. झाड पडलंय. नवी वढायची म्हनली तर आज काय हुईत न्हाई. पर त्यांची शाबूत हाय, माझ्या डोक्यावरच हाय बगा. उसनी घ्यावी लागंल. खाली निगुडघरला भिमा आला आन् त्यानं आपली लाईन त्यांच्या तारेला जोडली, तर हितं वर म्या ती उतरून घेतो. अर्ध्या तासाचं काम. म्या जोडाचा डबा उघडून बसतो, सोनबातात्या हितं टेकाडावर थांबत्याल. काय निरोप आसला तर त्यांना सांगा."

सांगायला किती सोपं. मावळवाणीची केबल साळूबाईंच्या दारावरूनच पुढे घाटाकडच्या हॉटेलांना जाते. त्यांच्या अंगणातून मान वर केली की दिसते. पण हिर्डोशी आमचं, म्हणून ती कुणाच्या घरात उतरत नाही.

मी आधी सरळ रस्त्याने गेले. शेठच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाले, "शेठ, आजच्या दिवसापुरतं मावळवाणीला विचारू का? हिर्डोशीत एकीची लेक गेलीय, तिला शेवटचं बघायचंय."

शेठनी मान वर केली नाही. "शेवटचं बघायला माणूस जातो, शिवानी. मोबाईलवर कसलं बघायचं? आणि त्यांच्या पाया पडायची वेळ अजून आपल्यावर आलेली नाही. उद्या केबल ओढू."

"उद्या काय उपयोग?"

"तुझं काम तक्रार लिहून घ्यायचं. घेतलीस ना?"

घेतली होती. जागेवर येऊन बसले. समोर स्टँडपलीकडे नागसेन कानाला फोन लावून कुणाला तरी राऊटर बंद करून चालू करायला सांगत होता, हे मला त्याच्या ओठांवरून कळत होतं.

स्टँडच्या मधोमध ठकुबाईंची चहाची टपरी आहे. दोन्ही ऑफिसांना चहा त्याच देतात, आणि शेठ लोकांच्या बंदीत चहा बसत नव्हता. मी टपरीवर गेले आणि सगळं त्यांच्या कानात सांगितलं. ठकुबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि किटली उचलून मावळवाणीत गेल्या. काचेतून मला दिसलं, नागसेनने कप घेतला, ऐकलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उठून आत गेला. त्याच्या घरी म्हातारे आईवडील आहेत, बहिणीचं शिक्षण चालू आहे. पकडला गेला तर घरी बसणार होता. तरी तो उठला. एवढं लिहून ठेवते, कारण त्या दिवशी कुणीच काही केलं नाही असं कुणी म्हणू नये.

दुपार झाली. ठकुबाई आमच्याकडे चहा घेऊन आल्या. माझ्यासमोर कप ठेवताना वाकून म्हणाल्या, "भिमा गेला निगुडघरला. मोबाईल नागसेनच्या टेबलावर ठिवून गेलाय, त्यांच्या मालकाला कुठं गेला ते दिसाय नगं म्हनून. आन् नागसेन म्हनला, तिला सांगा, पांढरी."

"पांढरी काय?"

"मला काय ठावं? भिमा म्हनला, रोजची राखाडी तार खराब हाय, म्हनून पांढरी जोडतो. तेवढं वर कळवा."

तारांच्या रंगांचं आम्हा काचेमागच्यांना कधी काही कळायचं नाही. ते खांबावरचे लोक आपसात ग्रुपवर ठरवायचे. आता ग्रुप नव्हता आणि तो रंग चहाच्या किटलीबरोबर माझ्यापर्यंत आला होता. मी लगेच सोनबाला फोन लावला. गिऱ्हाइकाला फोन करायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

"तात्या, पळत खाली जा. कुमारला सांगा, राखाडी नाही, पांढरी. पांढरी तार घे म्हणावं."

"पांढरी," सोनबा म्हणाला. "पांढरी, पांढरी." तो पुटपुटतच निघाला असणार. साठीच्या पुढचा माणूस, पावसात, निसरड्या वाटेने. त्या दिवशी आमच्याकडची चालू लाईन म्हणजे सोनबा.

मग मी स्क्रीनसमोर बसून राहिले. साळूबाईंच्या नावापुढे लाल ठिपका होता. इतर फोन येत होते. कुणाचं पिक्चर अडकत होतं, कुणाचं पोरगं गेम खेळताना हरलं होतं. मी सगळ्यांना आपला दिवस शुभ असो म्हणत होते आणि ठिपक्याकडे बघत होते. पलीकडे नागसेन माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली, नाही. थोड्या वेळाने परत त्याने पाहिलं. मी परत मान हलवली.

डोंगरात काय झालं ते मला संध्याकाळी कुमारकडून कळलं. कळलं तेव्हा वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं.

भिमाने निगुडघरला आमची लाईन पांढऱ्या तारेला जोडली. वर कुमार नेहमीसारखा राखाडी जोडून बसला होता. दोघांकडे उजेड येतो का बघायचं छोटं मीटर असतं. कुमारच्या मीटरवर काही येईना. त्याला वाटलं, भिमा अजून पोचला नसेल, थांबावं. खाली भिमाला वाटलं, कुमारला कसं कळणार बिचाऱ्याला पांढरी? ग्रुप नाही, फोन नाही, मला तरी कोण सांगतंय निरोप पोचला का. तो जुन्या सवयीने राखाडीच धरून बसला असणार. भिमा मनाचा इतका चांगला, की गप्प बसवेना त्याला. पावसात शिडीवर उभं राहून, डोक्यावर प्लास्टिक घेऊन, त्याने ती खराब राखाडी शोधली, कुजलेला तुकडा कापला, नवा जोड दिला. किती खटपट. आणि आमची लाईन पांढरीवरून काढून राखाडीला लावली. एका वेळी एकाच तारेला लावता येते ती.

आणि नेमका तेव्हाच सोनबा धापा टाकत कुमारजवळ पोचला आणि म्हणाला, पांढरी.

कुमारने राखाडी सोडली आणि पांढरी जोडली.

बोळात समोरून माणूस आला की आपण त्याला वाट द्यायला बाजूला सरकतो आणि तोही त्याच बाजूला सरकतो, तसं झालं. फक्त बोळात माणसं हसतात आणि पुढे जातात. इथे मध्ये डोंगराची सोंड होती. भिमा खाली राखाडी लावून वाट बघत होता, कुमार वर पांढरी लावून. दोघांनीही आता हात लावायचा नाही असं ठरवलं, कारण दोघांनाही खात्री होती की आपण बरोबर आहोत आणि दुसरा येतोच आहे. 'भिमा, पांढरीच ठेव.' एवढे तीन शब्द लागत होते. ते बोलायला दोन मालकांनी एक माणूस, एक फोन, एक धागा शिल्लक ठेवला नव्हता.

निरोप पोचला नसता तर कुमार राखाडीवरच राहिला असता, आणि राखाडी तर भिमाने दुरुस्त केली होती. म्हणजे मी सोनबाला पळवलं नसतं तर दिवा हिरवा झाला असता. याचं मी काय करू, मला अजून समजत नाही. मी चूक केली असं मला वाटत नाही, कुणीच चूक केली नाही. त्यामुळे शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

साडेतीनच्या सुमाराला सोनबा परत टेकाडावर चढला. त्याला बोलता येत नव्हतं इतका दम लागला होता. "जोडली पांढरी. दिवा लालच हाय. जावयाचा फोन आल्ता आत्ता हितं. म्हनला, तात्या, काय करू? मान्सं खोळंबल्याती. गाडी दारात हुबी हाय."

"त्यांना सांगा, अजून थोडं थांबा."

"म्या सांगितलं. म्हनला, थांबतो." सोनबा रडायला लागला. "वैनी मोबाईल छातीवर धरून बसलीया बगा. मान वर करून. केस इंचरून घेतलं शेजारनीकडनं. मंगल वरडायची ना, आयं, केस इंचरून बस म्हनून."

मी नागसेनकडे पाहिलं आणि सगळ्या स्टँडसमोर, दोन्ही शेठच्या कॅमेऱ्यांसमोर, दोन्ही हात वर करून विचारलं, काय झालं? तोही उठून काचेशी आला आणि त्याने टेबलावरचा भिमाचा मोबाईल उचलून दाखवला. भिमाला विचारायचं कसं? मग तो गाडीची किल्ली घेऊन बाहेर पळाला. मला दिसलं, त्यांच्या दारातच त्यांच्या शेठची गाडी येऊन उभी राहिली. शेठ उतरले. नागसेन थांबला. काहीतरी बोलणं झालं. नागसेनने परत हात हलवले, पुढे पाऊल टाकलं, शेठनी त्याचा दंड धरला. मग तो आत गेला आणि काचेमागे बसला. माझ्याकडे त्याने परत पाहिलं नाही.

जावई चारपर्यंत थांबला, चारच्या पुढेही थांबला. मग त्याने सोनबाला फोन करून सांगितलं, "आता न्हेतो, तात्या. आईंना सांगा, म्या हात जोडले म्हनून."

सोनबाने खाली जाऊन ते साळूबाईंना सांगितलं.

कुमारला राहवेना. सगळं तसंच टाकून तो दरड ओलांडून, चिखल तुडवत खाली चालत निघाला. वाटेतच त्याला वर चढत येणारा भिमा भेटला. कुमार सांगत होता, आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनी एकदमच विचारलं, तू कुठली लावलीस? मग दोघंही रस्त्याच्या कडेला खाली बसले. भिमा कपाळावर हात मारून घेत होता. पुढे तो उठला, परत निगुडघरला गेला आणि त्याने आमची लाईन पांढरीला लावली. कशासाठी, ते त्यालाही माहीत नसणार. हातात काम होतं, ते त्याने पुरं केलं.

दिवाबत्तीच्या वेळेला माझ्या स्क्रीनवर साळूबाईंच्या नावापुढचा ठिपका हिरवा झाला.

लाईन सुरू झाली की गिऱ्हाइकाला फोन करून, त्यांच्या व्हॉट्सॲपवर आलेला ओटीपी विचारून तक्रार बंद करायची, असा आमच्याकडे नियम आहे. तो ओटीपी टाकल्याशिवाय मला घरी जायला मिळत नाही. मी फोन लावला. आता नेटवरून लागत होता. वाटलं होतं सोनबा घेईल. साळूबाईंनीच घेतला.

"कोन?"

"साळूमावशी, मी शिवानी. झेपनेटमधून."

"व्हय का." आवाज अगदी शांत होता. "लागलं बाई आता. हिरवा दिवा लागला. त्या पोरांवर वरडू नगासा. दिसभर पावसात व्हती, च्या पन न्हाई घेतला."

 मी समोरची ओटीपीची चौकट बाजूला सारली.

"म्या लावून बगितला," त्या म्हणाल्या. "मंगलला. घंटी वाजती. कुनी घेत न्हाई. हिरवा दिवा हाय तरी घेत न्हाई."

"मावशी..."

"मला ठावं हाय गं. सवय हाय न्हवं ह्या टायमाची." त्यांच्यामागे पाऊस वाजत होता. "येक कर. हे काढून न्या तुमचं. तिनंच बशीवलं व्हतं, तिचं त्वांड दिसावं म्हनून. आता मला कुनाचं बगायचंय?"

ओटीपी सोनबाने वाचून दाखवला. मी तो टाकला, तक्रार बंद झाली. मग कनेक्शन काढून टाकायची नोंद केली. तिथे कारण निवडावं लागतं. गाव सोडलं, दर परवडत नाही, दुसऱ्या कंपनीकडे गेले, सेवा समाधानकारक नाही. मी बराच वेळ बघत बसले. शेवटी 'इतर' वर बोट ठेवलं आणि स्टँडच्या पलीकडे पाहिलं. मावळवाणीत नागसेनच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं.

कनेक्शन बंद झालं की शेठच्या मोबाईलवर लगेच कळतं. ते केबिनमधून उठून बाहेर आले, घाईने, चष्मा हातात घेऊन.

"हिर्डोशीतली ती म्हातारी कनेक्शन काढतेय? तिकडे गेली का, मावळवाणीकडे?"

"नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

"मग ठीक आहे," शेठ म्हणाले आणि आत गेले.